फाटकावरचा दुसरा बिल्ला

भूतबित मी मानत नाही. आजही मानत नाही. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर म्हणून बारा वर्षं काढलीत, जमिनीखाली मिट्ट काळोखात बसून डबा खाल्लाय. तिथे कधी कुणी भेटलं नाही. भेटलं ते वेल्समध्ये, भर दुपारी... आणि तेही मला नाही, माझ्या बाबांना.

माझी बहीण तिकडे डॉक्टर आहे. गेल्या वर्षी बाबांना घेऊन तिच्याकडे गेलो. बाबा पंच्याहत्तरीचे, पण "सिंहगड चढलेला माणूस आहे मी" हे दिवसातून एकदा ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिच्या घरामागे एक टेकडी आहे. पर्यटक फिरकत नाहीत. नुसतं गवत, मेंढ्या आणि वर शिशाची एक जुनी बंद खाण. "विहिरीएवढी उघडी भोकं आहेत, वाट सोडू नका," बहिणीने बजावलं होतं.

पायथ्याच्या लाकडी फाटकावर एक रिकामा खिळा दिसला. आमच्या खाणीत आत जाताना प्रत्येकाने आपला टॅग फळ्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. टॅग फळ्यावर आहे म्हणजे माणूस अजून आत आहे. दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही, नोकरी जाते. माझा जुना टॅग किल्ल्यांच्या जुडग्यात होता, तो गंमत म्हणून खिळ्याला अडकवला.

"आणि माझा?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही व्हिजिटर. नुसतं माझ्या मागे राहा. नो वरीज!"

खरं तर व्हिजिटरलाही टॅग लागतो.

वर पोचलो तोवर ऊन होतं. उतरताना एकदम धुकं आलं... मी दहा पावलं पुढे असेन. वळून पाहिलं तर बाबा नाहीत! घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. जीपीएसवर वाट दिसत होती, पण बाबा कुठे दिसणार? ती भोकं आठवली आणि माझी पाचावर धारण बसली. फोनला रेंज नाही. अर्ध्या तासाने मदत आणायला खाली धावलो — तर बाबा फाटकाला टेकून बिस्किट खातायत.

मला रडूच आलं.

"किती वेळ लावलास रे!"

"बाबा, तुम्ही आलात कसे?"

"एक जण भेटला ना. टोपीवर चक्क पेटलेली मेणबत्ती! दंडाला धरून इथवर आणलं. थँक्यू म्हणतोय तर परत वर निघालासुद्धा."

मी टॅग काढायला हात पुढे केला. खिळ्यावर दोन होते. एक माझा, प्लॅस्टिकचा. त्याच्यामागे पितळेचा गोल बिल्ला, आकडा झिजून गेलेला.

"हा माझा वाटतं," बाबा हसले. "काढ की तोही."

"नाही बाबा. तो त्याचा आहे."

कुणी हौशी माणूस जुन्या खाणकामगाराच्या वेशात फिरत असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटत नाही. दुसरं काही सुचतही नाही. दर रविवारी बहिणीला फोन करतो, तेव्हा आधी बिल्ल्याचं विचारतो.

"आहे रे," ती म्हणते. "अजून तिथेच आहे."