सुरुंगाने नेलेले पाय उभे करणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई आठल्ये यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. मी शारजात वाढलेली, पुण्यात कृत्रिम अवयवांचे शिक्षण घेऊन नुकतीच परतले होते. दुबईतल्या अल क्वोज भागात, टायरची गोदामे आणि गॅरेजेस यांच्यामध्ये ताईंचे कृत्रिम पाय बनवण्याचे वर्कशॉप आहे. तिथे मी फाइल पुढे केली. ताईंनी ती न उघडताच बाजूला ठेवली. माझा उजवा पाय गुडघ्यात दुमडून पट्ट्यांनी बांधला, खाली सरावाचा कृत्रिम पाय बसवला आणि समोरच्या कॅफेटेरियातून दोन करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा, आणायला सांगितले. मी परतले तेव्हा दोन्ही कप निम्मे रिकामे झाले होते आणि माझे डोळे भरले होते. पट्ट्या सोडता सोडता ताई म्हणाल्या, "आता पेशंटला चाला म्हणताना तुझा आवाज वेगळा येईल. उद्यापासून ये."

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे. ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात अमिरातीतले आपण सारे मराठी लोक काही ना काही लिहीत आहोत. मी त्यांच्या कामाविषयी लिहावे, हेच उचित.

ताई लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे दुबईला आल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे येत ते मधुमेहाने पाय गमावलेले आणि साइटवरच्या अपघातात जखमी झालेले लोक. मग ट्रक चालवणारे, बांधकामावर राबणारे अफगाण येऊ लागले. त्यातले बहुतेक लहानपणी शेळ्यांमागे किंवा पाण्याला जाताना सुरुंगावर पाय पडलेले. दोन महासत्तांची शर्यत चालू असताना एकीची फौज त्यांच्या देशात उतरली होती, दुसरीने त्या फौजेशी लढणाऱ्यांना शस्त्रे पुरवली होती. फौज गेली, ती महासत्ताही मोडली. जमिनीतले सुरुंग तेवढे जागेवर राहिले. त्या भागातल्या कित्येक शेतांत वर्षानुवर्षे कोणी नांगर घातला नाही, हे ताईंना पेशंटच्या तोंडूनच कळत गेले. ताई राजकारणावर बोलत नाहीत. टीव्हीवर कुणाचे नवे क्षेपणास्त्र दाखवू लागले की हातातली कानस न थांबवता एवढेच म्हणतात, "यांचं बिल कधीतरी आपल्याच दारात येणार."

ताईंचा मोठेपणा मला ज्या प्रसंगात पुरता समजला, तो काही वर्षांपूर्वीचा. आमचे साचे कोरायचे मशीन बंद पडले होते. साचा म्हणजे उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, त्या वाटीचे माप. मशीन नसले की तेच काम हाताने करावे लागते आणि पेशंटना थांबावे लागते. अशा वेळी एका मोठ्या शस्त्रकंपनीच्या इथल्या ऑफिसातून एक सद्गृहस्थ आले. त्यांची कंपनी नवे मशीन द्यायला तयार होती. अट एकच होती. वर्कशॉपच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचे नाव लागावे आणि उद्घाटनाला पेशंटसोबत फोटो निघावेत.

मी ताईंना होकार द्या म्हणाले. पाय बसल्याशी मतलब, मशीन कुठून का येईना. ताईंनी मला विरोध केला नाही. त्या म्हणाल्या, "भिंत माझी आहे, पण फोटो त्यांच्या पायांचे निघणार. त्यांना विचारू या."

त्या दिवशी बाहेर बसलेल्यांत दोघांची ओळख करून द्यायला हवी. नादिर खान हे उम्म अल कुवैनमधल्या एका लाकडाच्या वखारीत मुकादम होते. सुरुंगाने त्यांचा पाय लहानपणीच नेला होता. जुनी वाटी घासून आता उरलेल्या पायाला जखम झाली होती. ती चिघळली तर गुडघाही जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. नवी वाटी तयार होती, फक्त बसवायची बाकी होती. दुसरे व्हिक्टर, साठी ओलांडलेले रशियन गृहस्थ. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत त्यांचे पाऊल गेले. पुढे त्यांचा देश कोसळला, पेन्शनला किंमत उरली नाही, म्हणून मुलीने त्यांना दुबईला आणले होते.

ताईंनी कंपनीचा प्रस्ताव आधी हिंदीत, मग इंग्रजीत सांगितला. एका मुलीची आई म्हणाली, मशीन घ्या, माझ्या लेकीची शाळा बुडते आहे. तिचे म्हणणे ताईंनी मान खाली घालून ऐकले. व्हिक्टर मात्र नको म्हणाले. कारण विचारल्यावर ते अडखळत बोलू लागले. अफगाणिस्तानात ते सुरुंग पेरणाऱ्या तुकडीत होते. कुठे पेरले त्याची नोंद ठेवायची असे, पण घाईत ती कोणी नीट ठेवली नाही. स्वतःचे पाऊल गेले ते समोरच्यांनी पेरलेल्या सुरुंगाने. असली शस्त्रे बनवणाऱ्यांच्या फोटोत आपल्याला उभे राहायचे नाही, असे ते म्हणाले.

नादिर खानांना कामापुरते इंग्रजी समजत होते. ते उठले, कुबड्या घेतल्या आणि नवा पाय तसाच टेबलावर सोडून टॅक्सीने निघून गेले. त्यांनी फोन उचलणेही बंद केले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो पाय गाडीत मागच्या सीटवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "यल्ला, चल." वाटेत मी विचारले की ताई, त्यांची समजूत कशी घालणार? त्या म्हणाल्या, "समजूत घालायला मी कोण? जखम धुवायला चाललेय."

आणि त्यांनी खरोखर तेवढेच केले. वखारीमागच्या खोलीत सत्तरी ओलांडलेल्या ताई जमिनीवर बसल्या, जखम धुतली, औषध लावले, पट्टी केली. पाय बसवण्याचा आग्रह धरला नाही, व्हिक्टरांचे नावही काढले नाही. पट्टी झाल्यावर नादिर खानच म्हणाले, "दीदी, उस आदमी से मुझे एक बात पूछनी है."

ताईंनी आधी व्हिक्टरांना विचारले, आणि ते तयार झाल्यावर दोघांना बोलावले. चालण्याच्या सरावाच्या दोन समांतर दांड्यांपाशी ते समोरासमोर बसले. नादिर खानांनी सुरुंग कुठे पेरले ते विचारले. मी हिंदी-इंग्रजी भाषांतर करत होते. व्हिक्टरांनी आठवून दोन खोऱ्यांची नावे सांगितली, आणि मग नजर खाली वळवली. 

"मेरा गाँव नहीं था," नादिर खान म्हणाले. "किसी और का था."

त्यांनी हात मिळवला नाही, माफही केले नाही. ताईंकडे वळून त्यांनी आपला पाय पुढे केला, आणि ताईंनी वाटी बसवली. नादिर खान दांडे धरून चालू लागले तेव्हा व्हिक्टर खुर्ची मागे सरकवून त्यांना वाट देत उभे राहिले. ताईंनी त्या दोघांना मित्र करण्याचा प्रयत्न केला नाही, याचा मला आज फार अभिमान वाटतो. आमच्या हाती जेवढे होते तेवढे त्यांनी नीट केले.

कंपनीला ताईंनी कळवले की मशीन द्या, नाव आणि फोटो नको. पुन्हा तिकडून उत्तर आले नाही. त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. पेशंट ताटकळले, त्या मुलीची शाळाही बुडली. ताईंनी तिच्या आईची क्षमा मागितली आणि तिचा साचा सर्वांत आधी स्वतःच्या हाताने कोरला. संधिवाताने सुजलेल्या बोटांनी त्या रोज कानस चालवत होत्या. ही गोष्ट आपल्या मराठी मंडळात पसरली, आणि शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका मराठी कारखानदारांनी सुटीच्या दिवशी आपले कोरायचे मशीन आम्हाला वापरायला मोकळे केले. आजही आमचे साचे तिथेच कोरले जातात. त्यांनीही नाव लावू नका म्हणून सांगितले आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

ताई कामात कडक आहेत, पण कामाबाहेर त्यांची माया किती आहे ते माझ्या घराने अनुभवले आहे. मला टायफॉइड झाला आणि नवरा ऑफिसच्या कामासाठी बाहेरदेशी होता, तेव्हा ताई दिवसभराचे काम आटोपून, ट्रॅफिकमधून शारजाला मऊ भात आणि मेतकूट घेऊन येत. माझी लेक त्यांना इंग्रजीतच उत्तरे देई. ताई मराठीत गोष्ट सांगत आणि लेक म्हणे, "आजी, वन मोअर." बरी होऊन मी उठले तेव्हा तिला "अजून एक" म्हणता येत होते.

गेल्या वर्षी एक तरुण शिक्षिका आमच्याकडे आली, एका नव्या युद्धात पाय गमावून. ताईंनी तिचे माप घेतले आणि त्या दुपारी वर्कशॉप लवकर बंद केले. महासत्तांचे खजिने पुन्हा त्याच मार्गाने रिते होत आहेत, हे त्यांना वर्तमानपत्राआधी कळते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या वर्कशॉप उघडून बसल्या होत्या, आणि त्या शिक्षिकेला चालायला शिकवताना तिच्याच गतीने पाऊल टाकत होत्या.

कुमुदताई, तुमच्या बोटांचे दुखणे कमी होवो, गुडघे तुम्हाला साथ देवोत, डोळ्यांची नजर अशीच बारीक राहो. मधुमेहाचे आणि अपघाताचे पेशंट येत राहतील, त्यांच्यासाठी आम्ही तुमच्या शिष्या आहोत. मात्र ज्या वर्षी सुरुंगाने पाय नेलेला एकही माणूस तुमच्या दारात येणार नाही, ते वर्ष आम्हाला तुमच्यासोबत पाहायचे आहे. त्याला कितीही वेळ लागो, तोवर तुम्ही धडधाकट असलेच पाहिजे.