शेवटच्या प्रकरणाचा चिमटा

दुपारची भांडी आवरून कुंदाबाई पलंगावर आडव्या होतात, वाचनालयाची कादंबरी पोटावर ठेवतात आणि डोळे मिटतात. पंखा कुरकुरतो आहे. झोप लागली म्हणावं, तर रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू येतोय. जाग आहे म्हणावं, तर पाय कुणा दुसऱ्याचेच वाटतायत.

कादंबरीची शेवटची पानं कपडे वाळत घालायच्या हिरव्या चिमट्यानं बंद केलेली आहेत. चिमटा भालचंद्ररावांचा. बायकोला शेवट आधीच चोरून बघायची खोड, म्हणून हा बंदोबस्त. रहस्यकथा आणायची, यजमानांनी ती एसटी स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारलेल्या आवाजात मोठ्यानं वाचायची, बाईंनी भाजी निवडत ऐकायची, असा त्यांचा दुपारचा रिवाज. शेवटच्या प्रकरणाशी थांबायचं. दोघांनी आपापला संशय कारणासकट सांगायचा, मगच चिमटा काढायचा. ज्याचं चुकेल त्यानं पुढचं पुस्तक संपेपर्यंत चहा करायचा.

या खेपेला बाईंनी ठासून सांगितलं होतं, "कुणी काही करत नाहीये. सगळे शर्वरीचेच भास आहेत."

"माझं उद्या सांगतो," म्हणाले भालचंद्रराव, आणि पहाटे झोपेतच गेले.

तेव्हापासून चिमटा तसाच आहे. कादंबरीतल्या शर्वरीला रिकाम्या घरात पावलं ऐकू येतात. नवरा म्हणतो भास, डॉक्टर म्हणतात भास. आणि कुंदाबाईंना हल्ली चहाच्या वेळेला शेजारच्या खोलीत भालचंद्ररावांच्या चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज येतो. मुलाला, हेमंतला, सांगितलं, तर तो मायेनंच म्हणाला, "आई, एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ या." त्या दिवसापासून बाईंच्या मनानं घेतलंय, की आपलं उत्तर बरोबर निघालं तर? शर्वरी खरंच वेडी निघाली, तर मग आपण कोण?

टक्. डबी मिटते.

"उठू नका बाई, तास चालू आहे," भालचंद्रराव म्हणतात. शाळेमुळे अख्खं गाव कुंदाबाईंना बाई म्हणतं, म्हणून थट्टेनं तेही.

खरंच तास चालू आहे. चौथीचा वर्ग, खिडकीत वाळत घातलेले डबे, खडूचा वास. भालचंद्रराव खाकी शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसलेत, गुडघे हनुवटीला टेकलेत.

"तिथं काय करताय, अहो?"

"उशीर झाला. गाडी लेट होती."

"तुमचा संशय सांगायचा राहिलाय."

"म्हणूनच मागं बसवलंय ना!"

मुलं खुदखुदतात. बाई फळ्याकडे वळतात. फळ्यावर गाड्यांची वेळापत्रकं लिहिलेली आहेत, चिपळूण, पाटण, विटा. मुलं दप्तरं मांडीवर घेऊन फलाटावर रांगेत बसली आहेत आणि वरच्या भोंग्यातून ओळखीचा आवाज घुमतो, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शर्वरी खरं बोलते आहे."

"नुसतं उत्तर नको," बाई भोंग्याला सांगतात. "पायऱ्या दाखवा. निम्मे गुण पायऱ्यांना असतात."

भालचंद्रराव नियंत्रकाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून खाजवतात. "ती मांजराला दूध घालते."

"मग?"

"घरात पावलं वाजतायत, हात लटलटतायत, तरी दूध कोमट झालंय का ते ती बोट बुडवून बघते. तिच्या गोळ्या सगळ्यांनी मोजल्या. दुधातलं बोट कुणी बघितलं नाही."

"हा पुरावा नाही हो. ही नुसती माया झाली."

"असू दे की. गणित चुकलेल्या पोराला तुम्ही आधी काय विचारायचात? जेवलास का, म्हणून."

फलाटावरची मुलं कुठल्याशा गाडीनं गेली आहेत. खिडकीच्या जागी घरचा ओटा आहे, ओट्यावर चहाचं पातेलं.

"आणि निघालीच वेडी, तर?" बाई हळू विचारतात.

"तर काय! मांजर उपाशी राहिलं का? नाही ना? मग निघू दे. तिच्या हातचा चहा मी पिईन."

"मला डबी ऐकू येते."

"कशी ऐकू येते?"

हे अजून कुणी विचारलेलं नसतं. बाई विचार करून सांगतात, "टक्कन. आणि मग... बरं वाटतं."

"हे बरं वाटण्याचं हेमंताला सांगितलंत?"

"नाही."

"मधली पायरी गाळलीत आणि पोराकडून उत्तर मागताय! तो नेतो म्हणतोय तर जा त्याच्याबरोबर. घाबरलाय तो. बाप गेलाय त्याचा."

असं म्हणून ते चिमटा उघडतात आणि दोरीवरचं धुणं पकडावं तसा बाईंच्या पदराला लावतात.

"हे काय?"

"वारा आहे. उडून जाल."

"आणि चहा?"

"हरणारा करील," भोंगा म्हणतो. पाटणची गाडी लागते.

पंखा कुरकुरतो आहे. भंगारवाला अजून कोपऱ्यावरच आहे. बाई डोळे उघडतात तेव्हा पोटावरच्या पुस्तकाची शेवटची पानं वाऱ्यानं फडफडतायत, आणि पदराच्या टोकाला हिरवा चिमटा लागलेला आहे.

झोपेत आपल्याच हातानं काढला असणार, हे त्यांना उमगतं. पायऱ्या मांडायची सवय आहे त्यांना. पण चिमटा त्या काढत नाहीत. तशाच उठून ओट्याशी जातात आणि उत्तर बघायच्या आधीच, आपणच हरलो असं धरून, चहा ठेवतात. मग चष्मा लावून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, शेवटचं प्रकरण वाचायला लागतात.