मॅच पाचला, सोयरीक साडेपाचला

मागच्या ऑगस्टात एक फुटबॉल मॅच बघता यावी म्हणून मी सख्ख्या भाच्याचं लग्न ठरवून टाकलं. भाच्याला विचारलं नव्हतं. मुलीला तर नव्हतंच नव्हतं.

माझा क्लब इंग्लंडात आणि मी जालन्यात, बियाण्याच्या एका ऑफिसात. (क्लबला माझा पत्ता नाही. तेच बरं आहे.) दर मे महिन्यात मोसम संपला, की मी थकून जाहीर करतो, बस झालं. खेळतात ते, हरतात ते, आणि कंबर माझी दुखते! पण ऑगस्ट आला, की पुन्हा आहेच. नवा प्रशिक्षक, नवा गोलकीपर, जुनाच मी.

पहिली मॅच शनिवारी संध्याकाळी पाचला होती. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, नेमका तोच शनिवार धरला. तिच्या सुमितसाठी घनसावंगीकडच्या एका गावात मुलगी बघायला जायचं होतं, आणि मामाशिवाय असल्या बैठकीला शोभा नाही.

"सकाळीच निघू अक्का. चहा-पोहे, दोन प्रश्न, की वापस!"

"एवढी जल्दी कायची रे तुला?"

"ऑफिसचं काम आहे." (अक्काला फुटबॉल म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा उद्योग वाटतो.)

सकाळी निघायचं ते अक्काच्या साडीनं दुपारवर नेलं. दुपारचं जीपच्या टायरनं आणखी पुढं ढकललं. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. जालन्याला परत जाऊन मॅच गाठणं आता हेलिकॉप्टरशिवाय शक्य नव्हतं.

मुलीचे वडील शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मुलगी आली. प्रज्ञा तिचं नाव. मी घाईघाईत सुरू केलं.

"शिक्षण?"

"बी.एस्सी."

"वा! झालं."

"अजून काही विचारायचं न्हाई?" तिनंच विचारलं.

नव्हतं. कारण माझी नजर बुद्धाच्या तसबिरीखाली गेली होती. तिथं टीव्ही होता. हा एवढा मोठा!

तेवढ्यात गुरुजी रीतीप्रमाणे म्हणाले, "आता जेवूनच जा."

आमच्याकडं हा आग्रह नाकारण्यासाठीच असतो. मुलाकडच्यांनी चहा-पोहे घ्यायचे, 'घरी जाऊन कळवतो' म्हणायचं आणि उठायचं. जेवायला बसलं म्हणजे मुलगी पसंत, सोयरीक पक्की! हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण त्या घडीला मला दिसलं ते एवढंच, की स्वयंपाकाला वेळ लागणार आणि टीव्ही मोकळा आहे.

"जेवू की!" मी म्हणालो.

गुरुजींचे डोळे भरून आले. "अहो, पुरण टाका!" ते आत ओरडले. शेजारच्या बाया आल्या. कुणीतरी मोटरसायकलला किक मारून पेढे आणायला सुटलं.

अक्कानं माझा दंड असा पिळला, की महिनाभर निळा होता. "बाळू, काय करून राह्यला तू? पोरगा पोरीशी एक शब्द बोलला न्हाई अजून!"

"मंग बोलू दे की. मॅच बराबर सातपर्यंत चालते."

"कोणती मॅच?"

पाच वाजले. मी टीव्ही लावला. गुरुजी प्रेमानं शेजारी येऊन बसले.

"हॉल जालन्यातच घ्यायचा ना, मामा?"

"ऑफसाइड!"

"काय?"

"न्हाई, न्हाई, जालन्यात घ्या."

"माणसं किती धरायची?"

"अरे, मागं कुणीच न्हाई!" मी कळवळलो. गुरुजींना वाटलं, आमचं खानदान छोटं आहे.

साडेपाचपर्यंत हॉल ठरला, पंगत ठरली, आणि आम्ही दोन गोल खाल्ले. मग लाईट गेली. मला खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

त्या शांततेत सुमित म्हणाला, "मामा, तिला विचारलं का कुणी?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी अक्काकडं पाहिलं. अक्कानं माझ्याकडं जसं पाहिलं, ते इथं लिहिता येत नाही.

सुमित उठला आणि स्वतःच प्रज्ञाला बोलावून बाहेर गेला. दोघं अंगणात लिंबाखाली बोलत बसले. आत पुरणाचा वास सुटलेला, पेढ्यांचा पुडा आलेला, आणि सगळं घर खिडकीपाशी. लाईट आली, मॅच पुन्हा दिसायला लागली, आम्ही चार गोलांनी मागं होतो. पण टीव्हीकडं कुणी बघेना. मीसुद्धा! पोरीनं नाही म्हटलं, तर एवढ्या लोकांपुढं गुरुजींनी तोंड कसं दाखवायचं, हाच विचार.

शेवटी प्रज्ञा आत आली.

"बोल बेटा," गुरुजी म्हणाले. "नको असंल तर मोकळ्यानं नको म्हण. जेवण काय, कुणालाबी घालता येतं."

"पोराबद्दल माझं काई म्हणणं न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "फक्त हे मामा त्यांच्याच घरात राहतात का, तेवढं आधी विचारून घ्या."