पांढरी खूण

ओल्या दोराचा वास आला की मला रायपूरचा तो तलाव आठवतो. राज्य नवीन झालं होतं आणि राज्याच्या शिडाच्या होड्यांच्या संघात एकच मुलगी जाणार होती, मी किंवा माझी मैत्रीण. सुकाणू धरून समोरच्या काठावरच्या देवळाकडे नाव सरळ न्यायची, एवढीच परीक्षा. मैत्रिणीला लांबचं नीट दिसत नसे, पण संघातून काढतील म्हणून ती लपवायची. ते फक्त मला माहीत होतं. नावेत बसताना ती कुजबुजली, “सांग ना वं, मंदिर कोणतं?” मी म्हटलं, “थे पांढरं दिसते ना, थेच. नजर हलवू नको.” मी दाखवलेलं पांढरं म्हणजे चरणारी गाय होती. गाय काठाकाठानं चालत गेली आणि मैत्रीण मान ताठ ठेवून तिच्यामागे नाव वळवत राहिली. सगळे हसले. सिलतऱ्याच्या कारखान्यातून सुट्टी काढून आलेल्या तिच्या बाबांनी काठावरच तिच्या थोबाडीत मारली. “डोये फुटले काय तुये? काहून इज्जत घालवून राहिली?” तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. निवड माझी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी पेढा नेला, आणि तिनं तो माझ्यासमोर खाल्ला. निवड माझीच कशी झाली, असं मुलं विचारतात तेव्हा मी अजूनही सांगते, माझा हात स्थिर होता म्हणून.