मामा ओरडतात, मामी सांगतात

बागेत फोटो काढताना आमचे फोटोमामा माणसापासून इतके लांब जाऊन उभे राहतात, की नवख्याला वाटावं, गिऱ्हाईक तिथंच सोडून हे घरी निघाले. पण त्यात हिशेब असतो. लांबची लेन्स लावायची, माणसाला झाडीपासून चांगलं वीस पावलं पुढे आणायचं. मग चेहरा लख्ख येतो आणि मागची कचरापेटी, उभ्या स्कूटरी, सगळं विरघळून हिरवं धुकं होतं.

अडचण एकच. तिकडून सूचना ओरडाव्या लागतात आणि मामांच्या जिभेला हाड नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या जवळ, चौकटीच्या जरासं बाहेर, मामी उभ्या असतात. मामा गरजतात, "हनुवटी वर घ्यायला सांग, दोन-दोन दिसतायत!" गिऱ्हाइकाला नुसता आवाज पोचतो, शब्द ओळखायला तीस वर्षांचा संसार लागतो. मामी गोड हसून म्हणतात, "छान दिसताय म्हणतायत. जरा वर बघा." मामांच्या मृदू स्वभावाची गावभर ख्याती आहे ती अशी.

त्या दिवशी नेमका मामींचा घसा बसला आणि आल्या सिस्टर. मुलांच्या वॉर्डातून निवृत्त होत होत्या आणि तिथंच त्यांचा फोटो लागणार होता.

"मामी, आजवरच्या प्रत्येक फोटोत मी इंजेक्शन द्यायला निघाल्यासारखी दिसते," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "हा फोटो बघून पोरं रडली, तर मी निवृत्त होऊन उपयोग काय?"

मामींनी खुणेनंच धीर दिला. तिकडून मामा सुरू झाले.

"खांदे सोडायला सांग! खांबासारख्या उभ्या आहेत!"

आता सिस्टरांचे कान म्हणजे वॉर्डाच्या त्या टोकाची कुजबुज या टोकाला ऐकणारे. त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. "खांब?"

मामींनी घाईघाईनं दोन्ही हातांनी हवेत फुलं उधळल्यासारखं केलं.

"आणि कपाळावरच्या आठ्या! इस्त्री आणू का म्हणावं!"

मामींनी डोळे मिटून, गालावर हात ठेवून, कुणी कविता ऐकवतंय असा भाव आणला. सिस्टर एकदा मामांकडे, एकदा मामींकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हे..." मामींनी गडबडून तोंडावर बोट ठेवलं, दुसरा हात 'नको नको' म्हणत पुढे केला, आणि सिस्टर अशा खदाखदा हसल्या की मामांनी लागोपाठ सहा फोटो काढले.

फोटो अप्रतिम आला. फक्त एका बाजूला, फोटोतल्या माणसाच्या नजरेसमोर जी जागा मामा नेहमी मोकळी ठेवतात तिथं, एक अस्पष्ट हात तरंगत होता.

"तू मध्ये कशाला कडमडलीस?" मामा वैतागले. "कापतो हा हात."

"हाताला धक्का लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "तोच तर मला हसवतोय."

"अहो, चौकट बिघडते!"

"बिघडू दे. मी तर सुधारले ना?"

फोटो लागल्यावर चार दिवसांनी सिस्टर मुद्दाम सांगायला आल्या. मामींचा आवाज अजून परतला नव्हता. त्यांनी भुवया उंचावूनच विचारलं, पोरं रडली का?

"दोघं रडली," सिस्टर म्हणाल्या, "पण ती आधीपासूनच रडत होती. तिसऱ्यानं पलंगावर उभं राहून तुमच्या हाताला टाळी दिली."