नोटीस लिहिणारी नीलिमा

नीलिमा गेल्याचा निरोप तिनेच लिहून ठेवला होता. फक्त वेळेची जागा कोरी होती, ती तिच्या नवऱ्याने, सुहासने भरली आणि निरोप मोबाइलवर पाठवला. ‘नीलिमा आज सकाळी सव्वासहाला गेली. कर्करोग होता. भेटायला यायचं तर चारनंतर या, जेवून या.’ वाचून मला आधी रागच आला. मरणाचीसुद्धा नोटीस काढते ही बाई... महिना झाला, पण स्वस्थता नाही. म्हणून लिहितेय.

मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. शिक्षण चौथी. नीलिमा ऑफिसात. तिचं काम नेमकं काय, हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. नोटिसा लिहायची, साहेबांची भाषणं लिहायची, कारखान्याचं मासिक काढायची, कोणी निवृत्त होत असेल तर त्याच्याबद्दल चार बरे शब्द जमवायची, आणि कँटीनमध्ये बसून कुठली अफवा फिरतेय ते ऐकायची. पॅकिंगमधली शेवंता तिला तोंडावर म्हणाली होती, “म्हणजे साहेबांच्या चमच्या ना तुम्ही?” नीलिमा म्हणाली, “हो. पण तुमचंही वर पोचवते ना?” ते खरं होतं. बायकांच्या संडासाला कडी नाही, हे तिने तीनदा लिहून कळवलं तेव्हा कडी बसली.

कुठलीही नोटीस फळ्यावर लावायच्या आधी ती चहाच्या सुट्टीत कागद घेऊन माझ्याकडे यायची. मोठ्याने वाचायची. मी अडले की तो शब्द खोडायची. एकदा ‘अनिवार्य’ आलं.

“म्हणजे काय गं?”

“करावंच लागेल, मालतीताई.”

“मग तसं लिही ना. घाबरतेस कोणाला?”

मग एकदा पंधरा दिवस ती चहाला आलीच नाही. मी लांबून दिसले तरी वाट बदलायची. त्याच दिवसांत शेवंताला भांडुपच्या दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. तिने नीलिमाला जिन्यात गाठलं. मी बाजूलाच होते. “मॅडम, जाऊ की इथेच राहू?” नीलिमा कठड्याकडे बघत म्हणाली, “तुझं तू ठरव.” शेवंता राहिली. पुढच्या सोमवारी फळ्यावर नोटीस लागली, पॅकिंग विभाग बंद होणार. साधी, स्वच्छ मराठी. एक शब्द अडला नाही मला. नीलिमाला हे सगळं आधीपासून माहीत होतं, आणि बोलायचं नाही असं साहेबांनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं, हे मागाहून कळलं.

भांडुपची जागा तोवर भरली होती. शेवंता लोकांकडे धुणीभांडी करायला लागली, अजून करते. मी कांदिवलीला घरी बसले. नीलिमा दर दिवाळीला यायची, मी चहा द्यायचे. त्या नोटिशीबद्दल दोघीही गप्प.

शेवटची भेट बोरिवलीच्या हॉस्पिटलात. सुहास औषधं आणायला खाली गेला होता. ती एकदम म्हणाली, “मालतीताई, शेवंताला सांगायला हवं होतं का मी?”

“हो.”

“माझी नोकरी गेली असती.”

“आमची गेलीच की.”

तिने मान माझ्याकडे वळवली. “इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

“बरं,” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. चार दिवसांनी गेली. मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात का... खोटं बोलले असते तर तिने ओळखलं असतं. पण मला झोप तरी लागली असती.

पुढचं मागाहून जोडतेय. परवा पार्ल्याला तिच्या घरी गेले. खिडकीजवळ तिचं टेबल तसंच आहे, खुर्ची थोडी मागे ओढलेली. त्या खुर्चीत सुहासने मला बसवलं. इथवर लिहिलेलं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो खाली बघत ऐकत होता.

“जिन्यातलं तेवढं वगळा ना, मालतीताई. ती गेलीय आता.”

“शेवंता आहे ना अजून,” मी म्हटलं.