स्वयंपाकाच्या पुस्तकातलं खुराड्याचं दार

आयडेलाबाईंच्या मांडीवर चवळीच्या शेंगांची परात होती. निम्म्या शेंगा सोलून झाल्या होत्या, तेवढ्यात शेजारचा रॉस्को टार्व्हर येऊन पायरीवर बसला. गावातल्या सगळ्यांसारखा तोही त्यांना आदराने 'मिस'च म्हणे.

"मिस आयडेला, शुक्रवारी तडजोडीवर सही करून टाकतो. चाळीस हजार डॉलर. वर्कशॉप विकावं लागेल."

रॉस्को कोंबड्यांच्या खुराड्यांना दारं बनवायचा. अंधार पडला की ती आपोआप मिटत. एका कंपनीने त्याला कोर्टात खेचलं होतं. म्हणे, ही युक्ती आमची, दोन हजार तीनचं पेटंट आहे. त्या कंपनीने कधी एक खिळा ठोकला नव्हता. मार्शल गावच्या चौकात, कोर्टाजवळ, एक कुलूपबंद खोली आणि तिच्यावर पाटी, एवढाच तिचा पसारा. लढायचं तर वकिलाचा खर्च मागणीच्या दसपट, म्हणून लोक मुकाट पैसे देऊन मोकळे होत.

"अरे, पण आमच्या व्हर्लनने हे दार तू शाळेत होतास तेव्हाच केलं होतं!"

"त्यांच्याकडूनच तर शिकलो. पण व्हर्लनकाका गेले. कोर्टाला पेटंटच्या आधीचा छापील पुरावा लागतो."

आयडेलाबाई एकदम हसू लागल्या. एक्याण्णव साली चर्चच्या छपरासाठी बायकांनी पाककृतींचं पुस्तक छापून विकलं होतं. टंकलेखन आयडेलाबाईंकडे होतं. शेवटी एक पान कोरं उरलं, तिथे त्यांनी नवऱ्याचं दार आकृतीसकट घातलं. "बाई, कोंबडी पातेल्यात घालायची की खुराड्यात?" असं त्यांची मैत्रीण नेवा महिनाभर सगळ्यांसमोर विचारत होती.

पुस्तक फडताळात सापडलं. पानावर पिठाचे डाग होते, पण पहिल्या पानावर साल ठसठशीत.

बाईंच्या माडीवरच्या दोन्ही खोल्या भाड्याने होत्या, नेमक्या त्याच कंपनीच्या वकिलांना. त्यांच्यापासून लपवाछपवी नको, म्हणून सकाळी प्रार्थना करून बाईंनी न्याहारीच्या टेबलावरच सगळं सांगून टाकलं. थोरल्या वकिलाने हातातलं पावासारखं मऊ बिस्किट खाली ठेवलं.

"मिस आयडेला, अख्खं गाव आमच्या खटल्यांवर जेवतं. तुमची चूलसुद्धा."

"माझी चूल तुमच्याआधीही पेटत होती, साहेब. ग्रेव्ही घ्या, निवतेय."

दुपारी दोघांनी बॅगा भरल्या आणि मोटेल गाठलं. नेवा म्हणाली, "भाडेकरू घालवलेस की गं! आता वीजबिल कोण भरणार, वर गेलेला व्हर्लन?"

"देव बघेल. आणि नाहीच बघितलं, तर तुझ्याकडे येईन जेवायला."

रॉस्कोने सही केली नाही. त्याच्या वकिलाने ते पान समोरच्या पक्षाला पाठवलं, आणि तीन आठवड्यांत कंपनीने दावा मागे घेतला. रॉस्को आभार मानायला आला, तर बाईंनी त्याला मागच्या दाराची बिजागरी दाखवली आणि स्क्रू आवळायला लावले.

माडीवर अजून कुणी आलेलं नाही. बाईंनी चादरी धुऊन घातल्या आहेत. 'दोन खोल्या भाड्याने, न्याहारीसह' अशी चिठ्ठी लिहून झाली आहे. ती चर्चच्या फलकावर लावायला त्या आता निघाल्या आहेत.